ऊन जास्त म्हणून हायड्रोजन जास्त?

बालाघाटाच्या माळावर पवनचक्क्या आल्या, सौर पॅनल आले. 4 जानेवारी 2023 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली, आणि तेव्हापासून ‘शेवाळापासून हायड्रोजन’ हेही कानावर पडू लागलं. याच माळावरच्या मांजरसुंब्याकडे उन्हाला काय तोटा, तेव्हा शेवाळाच्या टाक्या मांडल्या की झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण इथेच गफलत होते.

गैरसमज : ऊन जितकं कडक, तितका हायड्रोजन जास्त.

शेवाळाची पेशी हरितद्रव्याने प्रकाश झेलते, मात्र तो पचवण्याचा तिचा वेग मर्यादित असतो. भर दुपारच्या उन्हाच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्यातच बहुतेक जातींची क्षमता भरते. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. अतिरेक झाला तर प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच जायबंदी होते. वाफ्याला लागेल तेवढं पाणी दिलं तर पीक भिजतं, पाट फोडून सोडलं तर वाफाच वाहून जातो, तसंच हे. शिवाय टाकीत वरचा थर उन्हात होरपळतो आणि खालचा त्याच्या सावलीत उपाशी राहतो. म्हणून प्रयोगांत पातळ, उभ्या, पारदर्शक टाक्या वापरतात. तेच ऊन जास्त पृष्ठभागावर पसरतं. कॅलिफोर्नियात बर्कले इथे अनास्तासिओस मेलिस यांच्या गटाने तर कमी हरितद्रव्याचं शेवाळच घडवलं. त्यातली प्रत्येक पेशी थोडाच प्रकाश घेते, बाकीचा खालच्यांपर्यंत पोचतो.

गैरसमज : उजेडात पाण्याचं विघटन झालं की ऑक्सिजन आणि हायड्रोजन दोन्ही मिळत राहतात.

हायड्रोजन तयार करणारं हायड्रोजनेज हे विकर ऑक्सिजन लागताच निकामी होतं. 1942 मध्ये शिकागोत हॅन्स गॅफ्रॉन आणि जॅक रुबिन यांनी ऑक्सिजनविना अंधारात ठेवलेल्या हिरव्या शेवाळावर प्रकाश टाकला, तेव्हा हायड्रोजन निघाला. पण असा हायड्रोजन लवकरच थांबतो, कारण त्याच प्रकाशात शेवाळ ऑक्सिजनही सोडू लागतं. प्रकाशच वाट उघडतो आणि प्रकाशच ती बंद करतो, ही या विषयातली खरी अडचण आहे. 2000 साली मेलिस आणि सहकाऱ्यांनी त्यातून मार्ग काढला. शेवाळाचं गंधक तोडलं की ऑक्सिजन इतका कमी तयार होतो की पेशी श्वसनात तो संपवून टाकतात. मग बंद भांड्यात, उजेडातच, काही दिवस हायड्रोजन निघत राहतो. उपाशी शेवाळ फार काळ टिकत नाही, हेही खरं.

गैरसमज : हे काम हिरव्या शेवाळाचंच.

जांभळे जिवाणूही ते करतात. हॉवर्ड गेस्ट आणि मार्टिन केमन यांनी 1949 मध्ये ते दाखवलं. हे जिवाणू डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही वापरतात, ऑक्सिजन सोडत नाहीत आणि पाण्याऐवजी सेंद्रिय आम्लांवर जगतात. मग साखर कारखान्याच्या आसवनीचं सांडपाणी त्यांना घालता येईल का? तसंच्या तसं नाही. त्याचा काळसर रंग प्रकाश अडवतो. अमोनिया जास्त असेल, तर हायड्रोजन देणारं नायट्रोजनेज हे विकर बंद पडतं. शेणमुताच्या पाण्याचीही अडचण हीच.

गैरसमज : उजेड नाही, तर जैविक हायड्रोजनही नाही.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या साथीने सेंटियंट लॅब्स या कंपनीने 2021 मध्ये पीक-अवशेषांपासून हायड्रोजन काढण्याचं तंत्र जाहीर केलं. त्यात जिवाणूंचा समूह गहू, भात, मक्याचं काड कुजवतो. त्याला ऊन लागतच नाही.

मग उन्हापासून हायड्रोजन मिळवायला शेवाळ बरं की सौर पॅनल? आज सौर पॅनल अंगावर पडलेल्या उन्हाच्या सुमारे 20 टक्के ऊर्जेची वीज करतो. त्या विजेने पाण्याचं विघटन करताना काही ऊर्जा गळते, तरीही उघड्या उन्हातलं शेवाळ, जे बहुधा 1 टक्काही गाठत नाही, त्याच्या कितीतरी मागे राहतं. तेव्हा शेवाळाच्या टाक्यांची योजना घेऊन कुणी आलं, तर प्रयोगशाळेतला आकडा ऐकून घेऊ नये. उघड्यावर, एका चौरस मीटरमागे, सलग किती दिवस आणि किती हायड्रोजन मिळाला, हे विचारावं.