मैल, फर्लांग आणि जर्नी : रोजच्या इंग्रजी शब्दांची कुळकथा

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने एक मैल चालावयास भाग पाडणाऱ्याबरोबर दोन मैल जाण्यास सांगितले आहे (मत्तय ५:४१). हा मैल कोणाचा, हे जाणल्यावर त्या वचनाची धार आपल्याला अधिक जाणवते. लॅटिनमध्ये 'मिले पासुस' म्हणजे हजार पावले. एकच पाय पुन्हा जमिनीला टेकला की एक पाऊल धरीत. आपल्या हिशेबाने ती दोन पावले झाली. असा रोमन मैल सुमारे १,४८० मीटरचा होता. रोमन शिपाई वाटेवरच्या माणसाला वेठीस धरून ओझे वाहावयास लावू शकत असे. श्रोत्यांच्या लेखी मैल हे परक्या सत्तेचे माप होते.

पुढे इंग्लंडमध्ये १५९३ च्या कायद्याने मैल आठ फर्लांगांचा, म्हणजे ५,२८० फुटांचा ठरला. फर्लांग मात्र शेतातला. 'फरो' म्हणजे नांगराने पडलेला चर. त्याची लांबी तो फर्लांग. आपली वडीलधारी मंडळी 'फर्लांगभर अंतर' म्हणतात, तेव्हा ती नकळत नांगरटच मोजतात!

'ट्रॅव्हल' हा शब्द कष्ट या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला. त्याचे मूळ 'त्रिपालियम' या तीन खांबांच्या छळयंत्रात आहे, असे सामान्यतः मानले जाते. 'जर्नी' म्हणजे मुळात एका दिवसाचे काम किंवा वाटचाल. बाळ येशू सोबत्यांत असेल या समजुतीने मरिया व योसेफ जेवढे चालून गेले (लूक २:४४), तेवढीच ती वाट.

घोड्याच्या मंद दौडीला 'कँटर' म्हणतात. कँटरबरीचे आर्चबिशप संत थॉमस बेकेट यांचा ११७० मध्ये कॅथेड्रलमध्येच वध झाला. त्यांच्या समाधीकडे घोड्यावरून निघालेल्या भाविकांच्या निवांत चालीवरून हा शब्द पडला. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत समाधी उद्ध्वस्त झाली; शब्द शर्यतीच्या मैदानावर टिकला. 'सॉन्टर', म्हणजे रमतगमत चालणे, हा शब्द 'पवित्र भूमी' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून आल्याचे अमेरिकन लेखक थोरो सांगतो. कथा गोड आहे, पण भाषातज्ज्ञ ती मानत नाहीत.

आणखी एक शब्द वाटेवरचा आहे, पण तो तसा भासत नाही. ग्रीकमध्ये 'पारोइकिया' म्हणजे परमुलखातला मुक्काम. संत पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात (२:११) ख्रिस्ती जनांना याच कुळातील शब्दाने परदेशवासी म्हटले आहे. ठरलेल्या हद्दी व बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या असलेल्या आपल्या 'पॅरिश'चे नाव तेथूनच आले.