वृद्धाश्रमातील आजी-आजोबांचे हक्क : भेटीला गेल्यावर काय पाहावे, काय विचारावे

आपल्या वस्त्यांमधून आता वृद्धाश्रमात जाणारे आई-वडील दिसू लागले आहेत. दोन खोल्यांचे घर, नवरा-बायको दोघेही कामावर आणि अंथरुणाला खिळलेली आई. दिवसभर तिच्याकडे पाहणार कोण? मग कुणी वृद्धाश्रम शोधतो, कुणी महिन्याचे पैसे भरून शुश्रूषा केंद्रात ठेवतो. अशा मुलांना आम्ही दोष देणार नाही. पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हक्क म्हणजे दाराबाहेर काढून ठेवायच्या चपला नव्हेत. आश्रमात गेलेली आजी तिथेही या देशाची नागरिकच असते.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 21 ने प्रत्येकाला जीविताचा हक्क दिला. वृद्धापकाळात आणि आजारपणात नागरिकाला साहाय्य मिळावे यासाठी राज्याने तरतूद करावी, असे अनुच्छेद 41 सांगतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा 2007 साली झाला व महाराष्ट्राने त्याचे नियम 2010 मध्ये केले. सन्मानाने जगणे, निवारा आणि आरोग्य हे वृद्धांचे हक्क आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर 2018 मध्ये डॉ. अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना मान्य केले.

कायदा कागदावर आहे. तो खाटेपर्यंत पोहोचला की नाही, हे भेटीला जाणाऱ्या माणसालाच कळते. म्हणून आम्ही परिचारिका वॉर्डात जे पाहायला शिकलो, ते इथे सांगत आहोत.

शरीर काय सांगते?

भेटीला गेल्यावर फक्त खुर्चीत बसून गप्पा मारू नका. परवानगी घेऊन आजीची पाठ, माकडहाड, कुल्हे आणि टाचा पाहा. एका कुशीवर तासन् तास पडून राहिल्याने जखमा होतात, त्यांनाच बेडसोअर म्हणतात. जी व्यक्ती स्वतः कूस बदलू शकत नाही, तिची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. जखमेची सुरुवात लाल डागाने होते आणि बोटाने दाबले तरी तो डाग फिका होत नाही. सावळ्या त्वचेवर मात्र हा लालपणा चटकन दिसत नाही. अशा वेळी हात लावून पाहा. जागा शेजारच्या त्वचेपेक्षा गरम, कडक किंवा दुखरी लागली तर त्याच दिवशी व्यवस्थापकाला सांगा.

ओठ आणि जीभ कोरडी आहे का, तेही पाहा. काही ठिकाणी वारंवार कपडे बदलावे लागू नयेत म्हणून वृद्धांना पाणीच कमी देतात. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागतो आणि सगळे म्हणतात, ‘वय झाले.’ पाण्याचा पेला हाताला लागेल इतक्या जवळ आहे का, हे पाहायला एक क्षण पुरतो.

भर दुपारी आजोबा गुंगीत दिसले तर गोळ्यांची यादी मागा. कोणती गोळी, कुणी लिहून दिली, कशासाठी? स्मृतिभ्रंश झालेल्यांना शांत ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. कर्मचारी कमी आहेत म्हणून माणसाला गुंगीत ठेवणे किंवा हात खाटेला बांधणे हा उपचार नव्हे.

दर महिन्याला वजनाची नोंद मागा. कपडे सैल होऊ लागले असतील तर ताटात काय पडते आणि भरवायला कोण बसते, हे विचारा.

अंगठा, पासबुक आणि मान

पेन्शनचे किंवा श्रावणबाळ योजनेचे पासबुक कुणाकडे आहे? पैसे कुठे खर्च होतात? कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच देऊ नये. घर मुलाच्या नावावर करताना ‘सांभाळ करीन’ ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. अट घालून दिले आणि सांभाळ केला नाही, तर 2007 च्या कायद्यातील कलम 23 नुसार न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते.

आंघोळ घालताना पडदा असावा. फोनवर बोलताना कुणी कान देऊन उभे राहू नये. उशाशी बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो ठेवायचा असेल तर तो काढायला लावण्याचा अधिकार कुणाला नाही. जात विचारून ताट-पेला वेगळा ठेवला जात असेल तर ती अस्पृश्यताच आहे आणि अनुच्छेद 17 ने ती बंद केली आहे.

तक्रार का होत नाही?

एका केंद्रात आम्ही एका आजीला विचारले, ‘कुणी रागावतं का?’ तिने आधी दाराकडे पाहिले, मग म्हणाली, ‘उद्या तिच्याच हातचं खायचंय, बाई.’ त्या केंद्रात रात्री वीस-बावीस जणांना एकच मावशी होती. तीही आपल्यासारख्याच वस्तीतली, बारा तास उभी आणि तुटपुंज्या पगारावर. तिच्यावर ओरडून जखम बरी होत नाही. रात्री किती माणसे कामावर असतात आणि डॉक्टर कधी येतात, हे चालकांना विचारायला हवे. तेही लेखी विचारावे आणि पोच घ्यावी.

दाद कुठे मागायची?

ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालते. मारहाण किंवा तातडीचा धोका असेल तर 112. मुले सांभाळत नसतील तर प्रांत कार्यालयातील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. आजीला स्वतः जाता येत नसेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. कायद्यानुसार महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह रक्कम मिळू शकते. सांभाळाची जबाबदारी असणाऱ्याने वृद्धाला कायमचे टाकून दिले तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे किंवा 15100 वर फोन करावा.

आमची विहारांच्या महिला मंडळांना एक विनंती आहे. आपल्या परिसरातील वृद्धाश्रमांची यादी करा. महिन्यातून एकदा दोघी-तिघी जा, वेळ दरवेळी वेगळी ठेवा आणि ज्यांना भेटायला कुणीच येत नाही त्यांच्या खाटेपाशी आधी बसा. ज्या आजीकडे बाहेरचे माणूस नेमाने येते, तिची कूस वेळेवर बदलली जाते, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

जय भीम!