‘वाटत नाहीस’ : रंग, रूप आणि जात

‘तू त्यांच्यातला वाटत नाहीस’ हे वाक्य एकदाही ऐकले नाही असा शिकलेला दलित तरुण मला नाशिकमध्ये अद्याप भेटलेला नाही. कधी ते वर्गात ऐकावे लागते, कधी कचेरीत, तर कधी भाड्याची खोली पाहायला गेल्यावर. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा दुष्टावा नसतो. आपण समोरच्याचा गौरव करीत आहोत अशीच त्याची समजूत असते. आणि आपली मुलेही पुष्कळदा हे वाक्य गौरव म्हणूनच स्वीकारतात. या वाक्याच्या पोटात काय दडले आहे, ते उलगडून पाहण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे.

मी साहित्य शिकवतो. हॅरिएट बीचर स्टो या अमेरिकन लेखिकेची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी विद्यार्थ्यांपुढे मांडताना एक प्रश्न नेहमी येतो : ‘सर, तिथे काळा-गोरा हा भेद डोळ्यांना दिसतो. आपल्याकडे चेहऱ्यावरून जात ओळखता येत नाही. मग ही कादंबरी आपल्याला काय सांगणार?’ प्रश्न रास्त आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. तिथला भेद खरोखरच डोळ्यांना दिसणारा होता, हे ते गृहीत. कादंबरी नीट वाचली तर तेच ढासळते.

१

‘अंकल टॉम्स केबिन’ आधी १८५१-५२ मध्ये एका साप्ताहिकातून क्रमशः आली आणि १८५२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्याआधी दोनच वर्षे, १८५० मध्ये, पळालेल्या गुलामाला पकडून मालकाच्या हवाली करणे स्वतंत्र राज्यांतील नागरिकांवरही बंधनकारक करणारा कायदा अमेरिकेत झाला होता. त्या कायद्याच्या संतापातून ही कादंबरी जन्मली. पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या. पुढे यादवी युद्ध झाले आणि १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. आपल्या महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. तेव्हा ही कादंबरी ज्या लढ्यात उभी आहे, त्या लढ्याशी आपले नाते शंभराहून अधिक वर्षांचे आहे.

कादंबरीत जॉर्ज हॅरिस नावाचा एक गुलाम आहे. त्याचा बाप गोरा, आई गुलाम. तिथल्या कायद्याने मूल आईच्या स्थितीला जाई, म्हणून गोऱ्या बापाचा हा मुलगा जन्मतःच गुलाम ठरला. तो बुद्धिमान आहे. कारखान्यात काम करताना त्याने ताग साफ करण्याचे यंत्र तयार केले आहे. मालकाला ही बुद्धी सहन होत नाही आणि तो त्याला तेथून काढून हलक्या कामाला जुंपतो. जॉर्ज पळतो. तो कसा पळतो हे पाहण्यासारखे आहे. रात्री रानावनातून लपतछपत तो जात नाही. अक्रोडाच्या सालीने कातडी थोडी सावळी करतो, केस काळे रंगवतो, उत्तम कपडे घालतो आणि परदेशी वाटणारा एक सभ्य गृहस्थ म्हणून केंटकीतल्या एका खाणावळीत उघडपणे येतो. तेथे त्याला पकडून देणाऱ्याला चारशे डॉलर देण्याची जाहिरात लावलेली आहे, आणि माणसे ती वाचीत उभी आहेत. जॉर्ज स्वतःही शांतपणे ती वाचतो. बहुतेकांना काही कळत नाही.

येथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. रंग अधिक गडद करून हा गुलाम ‘मालक’ दिसू लागतो! मग ज्या काळेपणावर गुलामीची सगळी इमारत उभी असल्याचे सांगितले जात होते, तो काळेपणा नेमका कोठे होता?

उत्तर त्या जाहिरातीतच आहे. जॉर्जला कसे ओळखावे म्हणून तिच्यात ज्या खुणा दिल्या आहेत, त्यांत रंग फारसा उपयोगाचा नाही, कारण तो जवळजवळ गोराच आहे. खात्रीच्या खुणा दोन : पाठीवरचे व खांद्यांवरचे व्रण, आणि उजव्या हातावर डागलेले मालकाच्या नावाचे अक्षर. जॉर्ज तो हात हातमोज्यात झाकून वावरतो. म्हणजे गुलामाला ओळखण्याची खूण निसर्गाने दिलेली नव्हती. ती मालकाने चाबकाने आणि तापल्या लोखंडाने उमटवली होती. आधी खूण उमटवायची आणि मग त्या खुणेवरून ‘हा मुळातच असा’ म्हणायचे, ही विषमतेची जुनी रीत आहे.

२

त्याच कादंबरीत मिस ओफेलिया नावाची एक बाई आहे. ती उत्तरेकडची, व्हरमाँटची. गुलामगिरी पाप आहे असे ती मनापासून मानते. तिच्या चुलतभावाने टॉप्सी नावाची एक काळी पोर विकत आणून तिच्या हाती सोपवली आहे. ओफेलिया तिला शिकवते, शिस्त लावते, बायबल पाठ करून घेते. पण त्या पोरीचा स्पर्श तिला सहन होत नाही. तोंडाने ती हे कधी बोललेली नाही. तरी टॉप्सीला ते पक्के ठाऊक आहे. आपल्यापेक्षा एखाद्या बेडकाने शिवलेले हिला चालेल, असे ती पोर सांगते, आणि पडद्याआडून ऐकणाऱ्या ओफेलियाला आपले खरे रूप दिसते.

मराठी वाचकाला हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. विटाळ हा शब्द स्टोबाईंना ठाऊक नव्हता, पण वस्तू त्यांनी अचूक पाहिली. अस्पृश्यतेविरुद्ध भाषण करून घरी परतल्यावर कपबशी वेगळी ठेवणारा सुधारक आपण सर्वांनी पाहिला आहे. मत बदलणे सोपे असते. अंगाला लागलेली शिसारी बदलणे कठीण असते, आणि ज्याच्याविषयी ती शिसारी असते त्याला ती सर्वांत आधी कळते.

सेंट क्लेअरच्या घरातले इतर गुलामही असेच पाहण्यासारखे आहेत. मालकाचे जुने कपडे घालून मालकासारखा मिरवणारा अ‍ॅडॉल्फ, उजळ रंगाच्या रोझा आणि जेन. टॉप्सीला हिणवण्यात या दोघी पुढे आहेत. स्वतः विकत घेतलेली माणसे, पण कातडीच्या एका छटेवर वरचढपणा सांगतात. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तिचे अमेरिकन रूप ते हेच.

३

परंतु लेखिका आपल्या बाजूची आहे म्हणून तिला तपासायचे नाही, असा नियम आपण करू नये. स्टोबाईंच्या कादंबरीत बुद्धी, स्वाभिमान, बंड आणि सुटका ही प्रामुख्याने कोणाच्या वाट्याला आली आहे? जॉर्ज, त्याची बायको एलायझा, पुढे कॅसी आणि एमेलिन यांच्या. हे सगळे उजळ रंगाचे. आणि ज्याच्या नावाने कादंबरी आहे तो गडद काळा टॉम? त्याच्या वाट्याला सहनशीलता, क्षमा आणि सायमन लेग्रीच्या हुकमाने मार खाऊन मरण. १९४९ मध्ये जेम्स बाल्डविन या काळ्या लेखकाने एका निबंधात या कादंबरीची कठोर झडती घेतली, तेव्हा हे वर्म त्याने उघडे केले. गोऱ्या वाचकाला जॉर्जविषयी आपलेपणा वाटावा म्हणून त्याला जवळपास गोरा करावे लागले. शेवटी जॉर्जलाही अमेरिकेत जागा नाही. तो लायबेरियाला जातो.

गुलामगिरीचा धिक्कार करणाऱ्या लेखणीतही रूपाचा पूर्वग्रह असा शिरून बसतो. ‘हा पहा, किती उजळ, किती हुशार, आणि तरी गुलाम!’ या हळहळीचा दुसरा अर्थ असा होतो की जो उजळ नाही, हुशार नाही, त्याच्या गुलामीबद्दल तेवढी हळहळ नको. ‘तू त्यांच्यातला वाटत नाहीस’ हे वाक्य याच कुळातले आहे.

४

आता आपल्याकडे वळू. १९०१ सालची गोष्ट बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे होते. स्टेशनमास्तरने त्यांची आस्थेने चौकशी केली, कारण त्याने त्यांना ब्राह्मणांची मुले समजले होते. मुलांनी आपण महार असल्याचे सांगताच त्याचा चेहरा पालटला आणि तो दूर झाला. मुलांच्या रूपात त्या क्षणी काय बदलले? नाक तेच, रंग तोच, कपडे तेच. बदलला तो केवळ एक शब्द. त्या शब्दाने स्टेशनमास्तरच्या डोळ्यांनी आधी पाहिलेले सारे खोटे ठरवले.

नाक आणि कवटी मोजून जाती ठरवण्याचा उद्योग रिस्लेसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांनी केला. बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात अशीच मोजमापे हाती घेऊन ती उलटी फिरवली. या मापांवर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हे त्यांनी दाखवले. जात म्हणजे वंश नव्हे, हे त्यांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’तही सांगितले होते.

आणि चेहऱ्यावरून कळत नाही म्हणूनच आपल्या समाजाला खुणा तयार कराव्या लागल्या. वस्ती गावाबाहेर. लुगडे नेसण्याची रीत ठरलेली. दागिने ठराविक धातूचेच. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले, तेव्हा त्यांनी नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले. ज्यावरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता त्या सगळ्या खुणा टाकून द्या, असे त्यांनी सांगितले, आणि बायांनी तिथल्या तिथे लुगडी नेसण्याची पद्धत बदलली. कपड्यांची ही गोष्ट काहींना किरकोळ वाटते. जॉर्ज हॅरिसचा डागलेला हात आठवला म्हणजे ती किरकोळ वाटत नाही. आज लुगड्याची खूण गेली, पण आडनाव विचारले जाते. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव, गावावरून झाला नाही तर ‘गावात कोणत्या आळीला?’

अमेरिकेतही शेवटी हेच झाले. १८९२ मध्ये होमर प्लेसी हा दिसायला गोरा माणूस लुइझियानात गोऱ्यांच्या डब्यात बसला. आपण कोण हे त्याने स्वतः सांगितले तेव्हाच त्याला अटक झाली. आणि १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. कातडी गोरी असूनही माणूस ‘काळा’ ठरला. म्हणजे रंग हाही अखेर जन्माच्या नोंदीचाच मामला निघाला.

५

नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेल्या बाबूराव बागूल यांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा लिहिली. त्याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ चा. जात लपवून गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर राहणारा तरुण, त्याला मान देणारी माणसे, मग जात उघडी पडणे आणि मार. जॉर्ज हॅरिस आणि हा तरुण शेजारी ठेवून वाचावेत, असे मी विद्यार्थ्यांना सुचवतो. जॉर्ज खुणा झाकून सुटतो, कारण सीमेपलीकडे कॅनडा आहे. बागूलांच्या नायकाला पलीकडे कोठे जायचे? जात चोरून त्याला मान मिळतो, पण तो मान त्याचा नसतो. तो त्याच्या नसलेल्या जातीचा असतो. त्याच कथेतला काशिनाथ मात्र काही चोरत नाही आणि कोणाला जुमानत नाही. शेवटी त्याला वाचवायला धावतो तोही काशिनाथच.

याच्या उलट वाट आपल्याच गावाने पाहिली आहे. पंचवटीतल्या रामाची मूर्ती काळ्या पाषाणाची, म्हणून तो काळाराम. देवाचा काळेपणा या नगराला कधी खुपला नाही. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य मिरवणुकीने त्या मंदिराकडे निघाले. पुढे काही वर्षे हा सत्याग्रह चालला. त्या हजारोंपैकी कोणीही एकटा, कपाळी गंध लावून, अनोळखी यात्रेकरू म्हणून आत शिरू शकला असता. त्याच्या तोंडावर काही लिहिलेले नव्हते. पण जात चोरून दर्शन घेणे त्यांना मान्य नव्हते. आम्ही जे आहोत ते सांगून येऊ आणि तसेच आत जाऊ, हा त्यांचा आग्रह होता. सवर्णांनी दारे बंद केली, दगड मारले, पण तो आग्रह सुटला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, तेव्हा त्या बंद दारांचा हिशेब पुरा झाला.

६

विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. रूप पाहून माणूस ठरवणारा डोळा मुळात रूप पाहत नसतो. त्याला आधी जे सांगितलेले असते तेच तो चेहऱ्यावर शोधतो. सापडले तर ‘बघा’ म्हणतो, सापडले नाही तर ‘वाटत नाहीस’ म्हणतो. दोन्ही वेळा त्याच्या मनातले चित्र शाबूत राहते. ‘तू त्यांच्यातला वाटत नाहीस’ असे म्हणणारा तुम्हाला वर उचलत नाही. तो तुमच्या आईला, तुमच्या वस्तीला, तुमच्या मागे राहिलेल्या भावंडांना खाली ढकलतो आणि त्याला तुमची संमती मागतो.

ही तपासणी आपण आपल्याही घरात करावी. आपल्या लग्नाच्या जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द कशाला हवा? आपल्या कथा-कादंबऱ्यांत शिकलेली नायिका उजळ आणि सोसणारी म्हातारी काळी, असे होत असेल तर स्टोबाईंना दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. शिक्षकांनी वर्गात ही कादंबरी घ्यावी, सोबत बागूलांची कथा घ्यावी, आणि मुलांना एवढेच विचारावे की यातल्या कोणत्या माणसाला लेखकाने बुद्धी दिली, कोणाला रंग दिला, आणि का.

आणि पुन्हा कोणी ‘वाटत नाहीस’ म्हणालाच, तर रागावण्याची किंवा सुखावण्याची गरज नाही. त्याला शांतपणे एवढेच विचारावे : ‘मग आम्ही कसे दिसतो, असे तुम्हाला वाटत होते?’ उत्तर त्याला द्यावे लागेल, आणि ते देताना स्वतःलाच ऐकावे लागेल.