जुन्या स्पोर्ट्स कारचा एसी आणि गटाचं कर्ज

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हे काय मधेच? शेळीपालन, शिलाई, डाळमिल सोडून आज स्पोर्ट्स कार? आपल्या रेणापूरच्या बाजारात अशी गाडी आली तर पोरं मागे पळतील. पण हा विषय आमच्याकडे गटाच्या बैठकीतूनच आला आहे.

तालुक्यातल्या एका गटातल्या ताईंनी मुलासाठी कर्ज मागितलं. मुलाने आयटीआयमध्ये फ्रिज-एसी दुरुस्तीचा कोर्स केलेला, नंतर लातूरच्या एका गॅरेजमध्ये काम शिकलेला. आता त्याला स्वतःचं दुकान टाकायचं होतं. हातात पहिलं मोठं काम होतं ते एका हौशी गृहस्थांच्या जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचं. तिचा एसी नव्याने बसवायचा होता. अर्जासोबत सामानाची यादी होती : व्हॅक्यूम पंप, गेज, नायट्रोजनचं सिलिंडर, वजनकाटा, गाडीतला गॅस काढून घेण्याचं मशीन. बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "गॅस भरायला एवढं सामान कशाला? सायकलीत हवा भरल्यासारखंच की ते!"

प्रश्न अगदी बरोबर होता. पैसा बायकांच्या बचतीचा. काम समजल्याशिवाय होही म्हणू नये आणि नाहीही म्हणू नये. म्हणून आम्ही समन्वयक मंडळी गॅरेजात जाऊन उभ्या राहिलो, विचारून विचारून माहिती घेतली. तीच आज तुम्हाला सांगत आहोत.

पहिली गोष्ट, एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. आपला माठ हेच करतो. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. स्वयंपाकाचा गॅस मोठ्या शेगडीवर बराच वेळ चालला की सिलिंडर बाहेरून गार लागतो, कधी त्यावर दवही धरतं. आत पातळ असलेल्या गॅसची वाफ होताना तो सिलिंडरची उष्णता ओढून घेतो, म्हणून.

एसीतला गॅस असाच पातळाचा वाफ आणि वाफेचा पातळ होत फिरत राहतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, ते कुणी विसरलेलं नाही. तिकडे टाक्या भरायच्या, इकडे रिकाम्या करायच्या, परत जायचं. एसीतला गॅस म्हणजे ती रेल्वे. गाडीच्या आत, डॅशबोर्डखालच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उष्णता भरून घेतो आणि पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये रिकामी करतो. या रेल्वेचं इंजिन म्हणजे कॉम्प्रेसर, तो गाडीच्या इंजिनावर पट्ट्याने फिरतो. कॉइलच्या तोंडाशी एक बारीक व्हॉल्व्ह असतो, तो गॅस मोजून आत सोडतो. वाटेत ड्रायर नावाची बाटली असते, ती ओल शोषून घेते. एवढाच सगळा संसार आहे.

मग कॉम्प्रेसर गॅस दाबतो कशाला? उष्णता नेहमी जास्त गरमाकडून कमी गरमाकडे जाते. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरची हवाच ४२ अंशांची. तिच्यात उष्णता टाकायची तर गॅस तिच्याहून गरम हवा. दाब वाढवला की गॅस ५५-६० अंशांवरही पातळ होतो आणि उष्णता सोडतो. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, तसाच हा दाबाचा खेळ.

आता जुन्या गाडीकडे येऊ. आपल्या लोकांना जुनी गाडी म्हटलं की फियाट आठवते, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. त्या काळी बहुतेक गाड्यांत एसी नसायचाच, ज्याला हवा तो नंतर डॅशबोर्डखाली बसवून घ्यायचा. मुंबईच्या रस्त्यांवर निळ्या-रुपेरी रंगाच्या एसी टॅक्सी आल्या, त्यांना लोक कूल कॅब म्हणू लागले. स्पोर्ट्स कार म्हणजे दोन सीटची, बुटकी, पळायला चपळ गाडी. ती परदेशातच होते असं नाही. आपल्या शेजारी गोव्यात सॅन मोटर्स या कंपनीने १९९८ च्या सुमारास 'सॅन स्टॉर्म' नावाची फायबरच्या बॉडीची दोन सीटची गाडी बनवली, तिला इंजिन रेनॉचं होतं. हौशी लोकांकडे याहून जुन्या इंग्लंडच्या गाड्याही असतात, १९६१ मध्ये आलेली जग्वार ई-टाइप किंवा १९६२ पासून बनलेली एमजीबी.

जुन्या एसीची मोठी अडचण गॅसची. पूर्वी गाड्यांत आणि फ्रिजमध्ये आर-१२ नावाचा गॅस असायचा. तो जळत नाही, सहसा विषारीही नाही, म्हणून जगभर वापरला गेला. पण १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातो. तो थर सूर्याच्या अपायकारक किरणांपासून आपल्याला वाचवतो. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल शहरात देशोदेशींनी करार केला, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला आणि २००८ मध्ये आपल्या देशात या गॅसचं उत्पादन थांबलं. १६ सप्टेंबर आता ओझोन दिन म्हणून शाळांतही पाळतात. त्या दोघांना १९९५ मध्ये पॉल क्रुट्झन यांच्यासह नोबेल मिळालं.

त्यानंतर गाड्यांत आर-१३४ए हा गॅस आला. आता मावशींच्या प्रश्नाचं उत्तर. जुन्या एसीत जुन्याच्या जागी नवा गॅस नुसता भरला तर काय होतं?

एक, तेल. कॉम्प्रेसरला तेल लागतं आणि ते गॅसबरोबर फिरतं. जुनं खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही. ते पाइपात बसून राहतं, कॉम्प्रेसर कोरडा पडतो आणि काही दिवसांत जाम होतो. म्हणून जुनं तेल धुऊन काढायचं आणि नव्या गॅसला चालणारं तेल घालायचं.

दोन, पाइप आणि रबरी कड्या. नव्या गॅसचे कण जुन्याहून लहान. साध्या रबरी पाइपातून तो हळूहळू झिरपून जातो. आतून थर दिलेले पाइप आणि नव्या रबराच्या कड्या लागतात. ड्रायर बाटलीही नवीच घ्यायची, जुनी ओल पिऊन थकलेली असते.

तीन, कंडेन्सर. आपल्या उन्हाळ्यात नवा गॅस जुन्यापेक्षा जास्त दाब धरतो. जुन्या पद्धतीच्या नळी-पाकळीच्या कंडेन्सरला तो पेलत नाही आणि गाडी सिग्नलला थांबली की एसी गरम हवा फेकतो. म्हणून बारीक चपट्या नळ्यांचा नव्या पद्धतीचा कंडेन्सर बसवतात, त्यापुढे विजेचा पंखा लावतात. गाडी पळत असताना वारा मिळतो, पण लातूरच्या गांधी चौकातल्या गर्दीत पंख्याशिवाय कोण वारा घालणार?

चार, वीज. जुन्या गाडीचा डायनामो दिव्यांपुरता असतो. पंखा आणि ब्लोअर वाढले की बॅटरी उतरते. म्हणून मोठा अल्टरनेटर लागतो आणि पंख्याला वेगळी तार व फ्यूज.

पाच, कॉम्प्रेसर. जुने कॉम्प्रेसर जड असतात आणि इंजिनाची बरीच ताकद खातात. स्पोर्ट्स कारचं बॉनेट लहान, इंजिनही बहुधा बेताचं. तिथे आजचा लहान, हलका कॉम्प्रेसर बसतो. पण त्याची पट्टी इंजिनाच्या चाकाशी सरळ रेषेत हवी. नाहीतर पट्टी चिरकते आणि तुटते.

स्पोर्ट्स कारची आणखी एक खोड आहे. तीत पाय इंजिनाला अगदी लागून असतात, काच तिरपी आणि छत बहुधा कापडाचं. म्हणजे चुलीला पाठ लावून बसल्यासारखं. म्हणून जाणकार कारागीर एसीला हात लावण्याआधी उष्णता यायची वाट बंद करतो. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर उष्णता अडवणारा थर देतो, पेडलजवळची भोकं बुजवतो, दाराची रबरं बदलतो. पत्र्याच्या घरावर आपण तुराट्या टाकतो, त्यातलाच हा शहाणपणा. हे न करता मोठा एसी लावणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

आता यादीतलं सामान बघा. सगळं जोडून झालं की आधी कोरडा नायट्रोजन दाबाने भरून गळती शोधतात. मग व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल निदान अर्धा-पाऊण तास ओढून काढतात. ओल राहिली तर व्हॉल्व्हच्या बारीक छिद्राशी तिचा बर्फ होतो आणि आतून धातूही खाल्ला जातो. त्यानंतर गॅस वजन करून भरतात, आपण गूळ घेतो तसा. आधी जेवढा आर-१२ लागत होता, त्याच्या वजनाच्या ८० ते ९० टक्के नवा गॅस पुरतो. 'जास्त गॅस, जास्त गार' हे खरं नाही. जास्त भरला की दाब वाढतो आणि गारवा कमी होतो.

गॅस काढून घेण्याच्या मशीनवर बैठकीत सगळ्यात जास्त चर्चा झाली. दुरुस्तीआधी गाडीतला गॅस हवेत सोडून देणारे पुष्कळ आहेत. आर-१३४ए ओझोन खात नाही हे खरं, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट आहे. म्हणून २०१६ च्या किगाली करारात असे गॅसही टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. पाऊस पुढे-मागे झाला की पहिला फटका आपल्या सोयाबीनला बसतो, तर आपल्या गटाच्या पैशाने हे काम होऊ नये. शिवाय काढून घेतलेला गॅस साफ करून परत वापरता येतो, त्यात पैसा वाचतो.

एक धोका मात्र कानात साठवून ठेवा. स्वस्त पडतो म्हणून काही ठिकाणी गाडीच्या एसीत स्वयंपाकाच्या गॅससारखा पेट घेणारा गॅस भरतात. गारवा मिळतो, पण गळती झाली तर तो बंद गाडीत साठतो आणि एक ठिणगी पुरते. घरात गॅसचा वास आला तर बटणाला हात लावायचा नाही, हे आपण लेकरांना शिकवतो. गाडीत तर पायाखाली सगळ्या ताराच. काही नव्या फ्रिजमध्ये असा गॅस थोडासा असतो, पण ती यंत्रं त्यासाठीच बनवलेली असतात. जुनी गाडी तशी नसते.

कायद्याचंही सांगून ठेवतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही, आणि ती भाड्याने किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. म्हणजे अशी नोंद असलेली गाडी वरातीला भाड्याने देता येणार नाही. कारागिरानेही पत्रा कापू नये, आधीच्या भोकांतच पट्ट्या बसवाव्यात आणि काढलेला प्रत्येक जुना भाग खोक्यात भरून मालकाच्या हवाली करावा. उद्या कुणाला गाडी पूर्वीसारखी करायची झाली तर ती करता आली पाहिजे.

हे सगळं आम्ही गटापुढे मांडलं. ठराव असा झाला की कर्ज दोन टप्प्यांत द्यायचं. पहिल्या टप्प्यात पंप, गेज, काटा आणि नायट्रोजनचं सामान. गॅस काढून घेण्याचं मशीन दुसऱ्या टप्प्यात. तोवर ते काम मुलाने आपल्या जुन्या उस्तादाच्या गॅरेजात नेऊन करायचं, हवेत काही सोडायचं नाही. पैसे दुकानदाराला थेट द्यायचे, बिल गटाच्या फाइलला लावायचं. स्पोर्ट्स कारच्या मालकाकडून सामानाचे पैसे आगाऊ घ्यायचे, कारण अशा गाड्यांचे भाग एकदा आणले की दुसऱ्या कुठल्या गाडीला लागत नाहीत.

हप्त्यांबद्दल गटाने फार शहाणपणाने विचार केला. एसीचं काम फेब्रुवारी ते जून जोरात, पावसाळ्यात मंद. म्हणून उन्हाळ्यात हप्ता मोठा आणि पावसाळ्यात लहान. बारा महिने सारखा हप्ता बांधला असता तर ऑगस्टमध्ये त्या ताईंना घरातली शेळी विकावी लागली असती. आणि एक हौशी स्पोर्ट्स कार वर्षभर पोट भरत नाही, म्हणून गावातल्या जीप, पिकअप आणि घरातले फ्रिज यांचं काम किती मिळेल, हेही लिहून घेतलं.

तुमच्या गटातही एखादी ताई उद्या अशीच अनोळखी धंद्यासाठी कर्ज मागेल. मोबाइल दुरुस्ती असेल, सोलरची असेल, नाहीतर एसीची. तेव्हा चार प्रश्न विचारा. हे काम नेमकं चालतं कसं? यादीतली प्रत्येक वस्तू कशासाठी आहे? ती नसेल तर काय बिघडेल? आणि पैसा कोणत्या महिन्यात येईल? ज्याला काम येतं तो या प्रश्नांना कंटाळत नाही. तो वस्तू हातात घेऊन समजावून सांगतो. आणि हो, हा कोर्स आयटीआयमध्ये मुलींनाही करता येतो. दहावी झालेल्या लेकीचं पुढे काय, असा प्रश्न घरात असेल तर प्रवेशाच्या दिवसांत लातूरला चौकशी करून या.