सांगलीच्या प्राध्यापकांपर्यंत पार्मेनिडीज पोहोचला कसा? 1500 वर्षांपूर्वीच्या एका भाष्यकाराची गोष्ट

सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजची स्थापना 1919 सालची. तिथे काही काळ तत्त्वज्ञान शिकवणारे रा. द. रानडे म्हणजेच गुरुदेव रानडे अनेकांना माहीत आहेत ते निंबाळचे संत म्हणून. जत तालुक्यातील उमदीचे भाऊसाहेब महाराज हे त्यांचे गुरू. पुढे ते अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. मात्र, ग्रीक तत्त्वज्ञान हा त्यांच्या अभ्यासाचा मोठा विषय होता, हे फारसे सांगितले जात नाही. पार्मेनिडीज आणि त्याच्या पंथावर ॲरिस्टॉटलने घेतलेल्या आक्षेपांवर त्यांनी निबंध लिहिला होता.

आता प्रश्न असा, की पार्मेनिडीजचे पुस्तक तर केव्हाच हरवले आहे. मग अभ्यास कशाचा केला?

सिंप्लिशियसने काय केले?

पार्मेनिडीज इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. त्याच्यानंतर सुमारे 1000 वर्षांनी, सहाव्या शतकात, सिंप्लिशियस नावाचा भाष्यकार ॲरिस्टॉटलच्या 'फिजिक्स'वर लिहीत होता. पार्मेनिडीजचा ग्रंथ दुर्मीळ झाला आहे, असे कारण देऊन त्याने त्यातल्या ओळीच्या ओळी आपल्या भाष्यात उतरवून ठेवल्या. आज पार्मेनिडीजच्या जेमतेम 160 ओळी उरल्या आहेत आणि त्यातला मोठा भाग या एका माणसामुळे वाचला. आजच्या भाषेत सांगायचे तर मूळ फाइल गेली, बॅकअप राहिला.

तेव्हा परिस्थिती कशी होती?

529 मध्ये सम्राट जस्टिनियनने अथेन्समध्ये तत्त्वज्ञान शिकवण्यावर बंदी घातली. त्यानंतर सिंप्लिशियससह सात तत्त्वज्ञ इराणच्या खुस्रो राजाकडे गेले. तिथे त्यांचा भ्रमनिरास झाला. 532 च्या तहात या मंडळींना त्रास न देता परत येऊ द्यावे, असे कलम घातले गेले. 'फिजिक्स'वरचे भाष्य या घडामोडींनंतरचे आहे.

संशोधक आता काय शोधत आहेत?

बर्लिनमध्ये 1882 ते 1909 या काळात या ग्रीक भाष्यांच्या संपादित आवृत्त्या निघाल्या. तेव्हा अनेकांचे लक्ष भाष्यांतल्या जुन्या उताऱ्यांवरच होते. 1987 पासून लंडनमधील रिचर्ड सोराबजी यांच्या प्रकल्पातून इंग्रजी भाषांतराचे 100 हून अधिक खंड आले आणि भाष्यकार स्वतः काय विचार करत होते, याकडे लक्ष वळले.

उदाहरणार्थ, सिंप्लिशियसचा प्रतिस्पर्धी फिलोपोनस. जड आणि हलकी वस्तू एकाच उंचीवरून सोडली तर खाली पोहोचण्याच्या वेळेत फारच थोडा फरक पडतो, असे त्याने ॲरिस्टॉटलच्या विरोधात जाऊन लिहिले. तेही गॅलिलिओच्या 1000 वर्षे आधी! इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात हे नाव आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

वाईशी काय संबंध?

हेच काम आपल्याकडेही झाले आहे. सातारा जिल्ह्यातल्या वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोश सिद्ध केला. त्याचे सात खंड आहेत. मीमांसेचा अभ्यासही भाष्यांवरच उभा आहे. शबरस्वामींच्या भाष्यात एका जुन्या वृत्तिकाराचा मोठा उतारा येतो. त्या वृत्तिकाराचा मूळ ग्रंथ आज मिळत नाही. म्हणजे गोष्ट तीच, फक्त भाषा संस्कृत.

आपण काय लक्षात ठेवायचे?

जुन्या वाड्यात, माळ्यावर पोथी सापडली आणि ती 'नुसती टीका' निघाली, तर ती रद्दीत टाकू नका. सुटी पाने आहेत त्याच क्रमाने ठेवा, शेवटच्या पानासह सगळ्या पानांचे फोटो काढा आणि जवळच्या संशोधन संस्थेला दाखवा. त्या टीकेत कुणाच्या तरी हरवलेल्या ग्रंथाच्या चार ओळी असू शकतात.