मुक्त स्रोत प्रणाली आणि आपला दवाखाना

वैद्यकीय व्यवसायाखेरीज ज्या एका विषयाचे मला गेली अनेक वर्षे वेड आहे, तो म्हणजे संगणकावरील मुक्त स्रोत प्रणाली, अर्थात ओपन सोर्स सॉफ्टवेअर. स्मरणिकेसाठी लेख देण्याचा आग्रह झाला तेव्हा याच विषयावर लिहावे असे ठरवले. हा विषय केवळ संगणक अभियंत्यांचा आहे, असा समज सर्वत्र आढळतो. माझ्या मते मात्र तो आपल्या दवाखान्यातील केसपेपरच्या कपाटापर्यंत येऊन पोहोचला आहे.

प्रथम ही संकल्पना पाहू. संगणकाची कोणतीही आज्ञावली आधी माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते आणि मग तिचे यंत्राला कळणाऱ्या संकेतांत रूपांतर होते. आपण विकत घेतो ते बहुधा हे रूपांतर. मूळ लेखन कंपनीच्या तिजोरीत राहते. मुक्त स्रोत प्रणालीत ते मूळ लेखन सर्वांसाठी खुले असते. ती वापरण्याची, अभ्यासण्याची, तीत बदल करण्याची आणि ती दुसऱ्यास देण्याची मुभा परवान्यातच दिलेली असते. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा करून या विचाराला चळवळीचे रूप दिले. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा लिहून तो जगापुढे ठेवला. आज खिशातील प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या मुळाशी हाच गाभा आहे. चित्रपट पाहण्यासाठी वापरला जाणारा ‘व्ही.एल.सी.’, इंटरनेटसाठीचा ‘फायरफॉक्स’, पत्रे व हिशेब यांसाठीचे ‘लिबर ऑफिस’ ही सारी याच कुळातील मंडळी होत. तेव्हा ‘आम्ही कधी वापरले नाही’ असे म्हणणाऱ्यानेही ते नकळत वापरलेले असते.

आता यात डॉक्टरांचा संबंध काय? आपल्याच शास्त्राच्या इतिहासातील एक उदाहरण पाहा. प्रसूतीसाठी वापरल्या जाणाऱ्या फोर्सेप्सचा शोध सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील चेंबरलेन घराण्यात लागला. या घराण्याने ते उपकरण शंभर वर्षांहून अधिक काळ गुप्त ठेवले. मोठ्या पेटीत घालून ते नेले जाई आणि प्रसूत होणाऱ्या स्त्रीचे डोळे बांधले जात, असे सांगतात. एसेक्स परगण्यातील त्यांच्या जुन्या घराच्या जमिनीखाली ती उपकरणे १८१३ मध्ये सापडली. दरम्यानच्या काळात किती माता व बालके या गुप्ततेपायी दगावली असतील, याची कल्पनाच केलेली बरी. आधुनिक वैद्यकाने हा मार्ग सोडला. नवे तंत्र आपण नियतकालिकांत प्रसिद्ध करतो, इतरांनी ते तपासावे, सुधारावे, अशी अपेक्षा ठेवतो. मुक्त स्रोताची रीत आणि आपल्या शास्त्राची रीत एकच आहे, हे मला प्रथम उमगले तेव्हापासून या विषयाने मला सोडले नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. प्रणाली खुली असणे म्हणजे रुग्णाची माहिती खुली असणे नव्हे. कुलपाची रचना सर्वांना ठाऊक असली तरी आपल्या कुलपाची किल्ली आपल्याच खिशात असते. उलट, रचना अनेकांनी तपासलेली असली तर तिच्यावर विश्वास ठेवण्यास आधार मिळतो. परंतु कुलूप आपले आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात, अशी स्थिती असेल तर काय होते, याचा अनुभव माझ्या एका बालरोगतज्ज्ञ स्नेह्यांना आला.

चौदा वर्षे त्यांनी प्रत्येक बालकाची लसीकरणाची व वजन-उंचीची नोंद एका विकत घेतलेल्या प्रणालीत नियमाने ठेवली होती. बॅकअपही दर आठवड्याला घेतला जाई. एके दिवशी संगणक निकामी झाला. नव्या यंत्रावर ती प्रणाली चालेना. ती पुरवणाऱ्या व्यावसायिकाने काम केव्हाच बंद केले होते. बॅकअप शाबूत होता, पण तो उघडू शकणारी प्रणालीच उरली नव्हती. पुढे परदेशी शिक्षणासाठी निघालेले एक जुने बालरुग्ण लसीकरणाचा दाखला मागण्यास आले. घरचे कार्ड हरवलेले होते. गोवर-गालगुंडाची लस पूर्वी दिलेली असूनही त्याला ती पुन्हा घ्यावी लागली. येथे हानी लहान होती. औषधाच्या ॲलर्जीची नोंद अशीच अडकली असती तर?

आंतररुग्णांच्या नोंदी किमान तीन वर्षे जपाव्यात आणि रुग्णाने मागितल्यास बहात्तर तासांत द्याव्यात, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत स्पष्ट म्हटले आहे. नोंद डॉक्टरांनाच वाचता येत नसेल, तर हे कर्तव्य पार पडणार कसे?

मार्ग नाही असे मुळीच नाही. क्ष-किरणशास्त्राने तो केव्हाच दाखवून दिला आहे. सी.टी. किंवा एम.आर.आय.चे यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, त्याची चित्रे ‘डायकॉम’ या १९९३ पासूनच्या सामाईक मानकात असतात. म्हणून इंदूरला काढलेला स्कॅन मुंबईच्या शल्यचिकित्सकास पाहता येतो. त्यासाठीही बेल्जियममधील लिएजच्या विद्यापीठ रुग्णालयात आकारास आलेल्या ‘ऑर्थँक’सारख्या मुक्त प्रणाली उपलब्ध आहेत. रुग्णनोंदींच्या क्षेत्रात केनियातील एल्डोरेट येथील एच.आय.व्ही. रुग्णांच्या उपचारांच्या गरजेतून २००४ च्या सुमारास ‘ओपन एम.आर.एस.’ उभी राहिली. तिच्याच पायावर ‘बाह्मनी’ ही रुग्णालय प्रणाली रचली गेली, आणि ती आपल्या शेजारच्या छत्तीसगडात, बिलासपूरजवळच्या गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोगच्या ग्रामीण रुग्णालयासाठी प्रथम घडवली गेली. ती आज इतर देशांतही वापरली जाते.

भाषेच्या बाबतीतही हेच. पूर्वी प्रत्येक देवनागरी फाँटची संकेतरचना वेगळी असे. त्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसे. युनिकोड या सामाईक मानकाने ती अडचण दूर केली. ‘मुक्ता’सारखे सुबक मुक्त परवान्याचे फाँट मुंबईच्या ‘एक टाइप’ने उपलब्ध करून दिले. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे मोल अधिक. आपले जुने अंक, पत्रे, वंशावळी युनिकोडमध्ये आणल्या तरच त्या पुढच्या पिढीला वाचता येतील.

मुक्त स्रोत हा रामबाण आहे, असा दावा मी करणार नाही. इंटरनेटवरील गुप्ततेचा आधार असलेल्या ‘ओपन एस.एस.एल.’ या मुक्त प्रणालीत २०१२ मध्ये शिरलेला ‘हार्टब्लीड’ हा दोष २०१४ पर्यंत कोणाच्या लक्षात आला नव्हता. मूळ लेखन खुले असून भागत नाही. ते वाचणारेही हवेत, आणि त्यांच्या श्रमांचा मोबदलाही कोणीतरी द्यायला हवा. दवाखान्यात अशी प्रणाली बसवायची तर जाणकार माणूस हाताशी हवा, त्याचे शुल्क द्यावे लागते. म्हणजे ‘मुक्त’ असले तरी ते ‘फुकट’ असतेच असे नाही. शिवाय काही प्रिंटर व उपकरणे लिनक्सशी अजूनही फटकून वागतात.

म्हणून माझा आग्रह बेताचा आहे. प्रणाली मुक्त असो वा कंपनीची, ती घेण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत. सर्व नोंदी सामान्य तक्त्याच्या किंवा पी.डी.एफ.च्या रूपात बाहेर काढता येतात का? पुरवठादाराने काम थांबवले तर त्या कशा वाचता येतील? बॅकअप दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून दाखवता येईल का? आणि वार्षिक शुल्क भरले नाही तर जुन्या नोंदी दिसणे बंद होईल का? उत्तरे लेखी घ्यावीत. तोंडी आश्वासन आपण संमतिपत्राच्या बाबतीत चालवून घेत नाही, येथेही घेऊ नये.

ज्यांना स्वतः प्रयोग करून पाहायचा असेल त्यांनी घरच्या जुन्या संगणकापासून आरंभ करावा. विंडोज १० ला मिळणारे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. नवी आवृत्ती न पेलणारे पण अन्यथा धडधाकट संगणक अनेक घरांत पडून आहेत. ‘लिनक्स मिंट’ पेन ड्राइव्हवरून सुरू करून पाहता येते. मूळ संगणकात काहीही बदलावे लागत नाही. आवडले तर ठेवावे, नाही तर पेन ड्राइव्ह काढून घ्यावा. मंडळाच्या एखाद्या मासिक सभेनंतर तासभर थांबण्याची तयारी असेल, तर हे प्रात्यक्षिक दाखवण्यास मी आनंदाने सिद्ध आहे. सभासदांनी आपला जुना लॅपटॉप आणि रिकामा पेन ड्राइव्ह मात्र सोबत आणावा.