वेदनाशामकच वेदना वाढविते तेव्हा

शस्त्रक्रियेनंतर वेदना असह्य झाल्या की वेदनाशामकाची मात्रा वाढवावी, हा सर्वसाधारण समज आहे. अफूवर्गीय, म्हणजेच ओपिऑइड औषधांच्या बाबतीत मात्र काही वेळा उलटे घडते.

या औषधांचे मूळ अफूत आहे. पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात असलेल्या नीमच येथील सरकारी कारखान्यात आजही अफूपासून मॉर्फिन काढले जाते. फेंटानिल व रेमिफेंटानिल ही त्याच वर्गातील कृत्रिम औषधे. ती तीव्र वेदना शमवितात. परंतु मोठ्या मात्रेनंतर मज्जारज्जूतील ‘एनएमडीए’ ग्राही अधिक सक्रिय होऊन मज्जासंस्था हळवी होऊ शकते. मग जखमेभोवतीचा हलका स्पर्शही बोचतो. औषधाची सवय झाली असल्यास मात्रा वाढविल्यावर आराम पडतो. येथे मात्र वेदना वाढण्याचा संभव असतो. ब्रिटिश वैद्य क्लिफर्ड ऑलबट यांनी मॉर्फिनविषयी अशी शंका १८७० मध्येच मांडली होती.

यावर चीनमध्ये एक पूरक उपाय अभ्यासला जात आहे. त्यात सुया टोचत नाहीत. अंगठा व तर्जनीमधील ‘हेगू’, मनगटाच्या आतील बाजूचा ‘नेईग्वान’ अशा अ‍ॅक्युपंक्चर बिंदूंवर चिकटपट्ट्या लावून सौम्य विद्युतप्रवाह सोडला जातो. बहुधा भूल देण्यापूर्वी सुमारे अर्धा तास हा उपचार सुरू होतो. बीजिंगचे शास्त्रज्ञ हान जीशेंग यांच्या संशोधनानुसार २ हर्ट्झच्या प्रवाहाने शरीरात एन्केफलिन व एंडॉर्फिन, तर १०० हर्ट्झच्या प्रवाहाने डायनॉर्फिन ही नैसर्गिक वेदनाशामके स्रवतात. म्हणून दोन्ही वारंवारता आलटून पालटून वापरतात. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत रेमिफेंटानिल दिलेल्या रुग्णांमध्ये या उपचाराने वेदनेची वाढलेली संवेदनशीलता कमी झाल्याचे आढळले आहे.

तथापि, असे बहुतेक अभ्यास लहान आहेत. त्यामुळे हा उपचार भूलतज्ज्ञाच्या योजनेतील एक साधन ठरू शकतो. औषधांना पर्याय नव्हे. पेसमेकर बसविलेल्यांनी व गर्भवतींनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तो घेऊ नये. बाजारातील यंत्र आणून स्वतः प्रयोग करणेही टाळावे.

ओपिऑइडची धास्ती घेणेही योग्य नाही. कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना याच औषधांचा आधार असतो. रुग्णाने एवढेच करावे: औषध घेऊनही वेदना वाढत असतील, पसरत असतील किंवा स्पर्शही सोसवत नसेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. जखमेत जंतुसंसर्ग तर नाही ना, हे आधी तपासावे लागते. त्यानंतरच मात्रा वाढवावी, कमी करावी की औषध बदलावे, हे ठरविता येते.